बारीक अंगाचा मधुमेह: पुण्याजवळच्या सहा गावांचं प्रकरण

पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटरच्या टापूत सहा गावं आहेत. तिथली मुलं-मुली अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची ग्लुकोज टॉलरन्स चाचणी करण्यात आली. उपाशीपोटी एकदा रक्त घ्यायचं, मग ग्लुकोजचं पाणी प्यायला द्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, अशी ही चाचणी. ६१९ जणांची तपासणी झाली. मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर निरोगी मर्यादेच्या वर निघाली. प्रत्यक्ष मधुमेह एकालाच होता. उरलेले १८२ जण त्याच्या अलीकडच्या पायरीवर होते, ज्याला डॉक्टर प्रीडायबेटिस म्हणतात.

आता दुसरा आकडा पाहा. याच ६१९ जणांपैकी ४८ टक्के जणांचं वजन कमी होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, १८.५ च्याही खाली. म्हणजे गावात ज्यांना कुणीही ‘जरा खात जा रे, अंगाला काही लागत नाही तुझ्या’ असं म्हणेल, अशी ही पोरं.

मधुमेह म्हणजे बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा आजार, हे चित्र आपल्या मनात इतकं पक्कं आहे की हे दोन आकडे शेजारी ठेवले की काहीतरी चुकलंय असंच वाटतं. चुकलेलं काही नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून चालवलेल्या ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या अभ्यासातले हे निष्कर्ष आहेत. रोग माणसात कसा घडत जातो, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात झालेल्या कामांपैकी हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. रोग झालेल्या माणसाला तपासून रोगाचा शेवट कळतो. सुरुवात पाहायची तर माणूस जन्माला येण्याआधी तिथे जाऊन बसावं लागतं. या अभ्यासाने ते अक्षरशः केलं. त्याची नोंदणी सुरू झाली १९९३ मध्ये, आणि नोंदवल्या गेल्या त्या बायका, ज्यांना अजून दिवसही गेले नव्हते.

हर्टफर्डशायरच्या वह्या

या गोष्टीची एक मुळी इंग्लंडमध्ये आहे. साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर १९८०च्या दशकात हृदयविकाराच्या मृत्यूंचा नकाशा पाहत होते. हृदयविकार हा सुबत्तेचा आजार, तर तो श्रीमंत भागांत जास्त दिसायला हवा. दिसत होता गरीब भागांत. आणि ज्या भागांत १९२०च्या दशकात तान्ही बाळं जास्त दगावली होती, नेमक्या त्याच भागांत पन्नासेक वर्षांनी हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. जी बाळं वाचली ती कशामुळे तरी कच्ची राहिली होती का, असा प्रश्न त्यातून उभा राहिला.

उत्तर शोधायचं तर प्रत्येक माणसाचं जन्मवजन हवं. ते मिळालं हर्टफर्डशायर परगण्यात. एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्य अधिकारी बाईंनी १९११ पासून तिथल्या सुईणींना आणि परिचारिकांना शिस्त लावली होती. प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहायचं. त्या वह्या टिकल्या. बार्कर यांच्या गटाने त्यांतले ५,६५४ पुरुष शोधून काढले आणि १९८९ मध्ये दाखवून दिलं की जन्मताना आणि पहिल्या वर्षात जे हलके होते, ते हृदयविकाराने जास्त दगावले. पुढे याच परगण्यातल्या साधारण ६४ वर्षांच्या पुरुषांना ग्लुकोज देऊन तपासलं. जन्मवजन अडीच किलो किंवा कमी असलेल्यांत ४० टक्के जणांची साखर बिघडलेली होती. ४.३ किलोच्या वर जन्मलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं.

बार्कर आणि निक हेल्स यांनी १९९२ मध्ये यावर मांडणी केली. गर्भाला पोषण कमी पडलं की तो जगण्यासाठी तडजोड करतो. मेंदू वाचवतो, पण स्वादुपिंड, यकृत, मूत्रपिंड, स्नायू यांची वाढ आखडती घेतो. रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी कमी राहतात. पुढचं आयुष्यही तंगीतच गेलं तर ही तडजोड निभावते. खाणं वाढलं, काम घटलं, की ती उघडी पडते. त्याआधी तीस वर्षं, १९६२ मध्ये, जेम्स नील यांनी मधुमेहाचं कारण ‘काटकसरी जनुकां’त शोधलं होतं. बार्कर आणि हेल्स म्हणत होते की काटकसर आईच्या पोटात शिकली जाते.

हे सगळं मागे वळून पाहणं होतं. साठ वर्षांपूर्वीच्या वहीत वजन लिहिलं होतं, पण आईने काय खाल्लं, किती राबली, तिच्या रक्तात काय होतं, यातलं काहीच नव्हतं.

पुण्यातला प्रश्न वेगळा होता

याज्ञिक ऑक्सफर्डमध्ये मधुमेहावर काम करून पुण्याला परतले होते. इथे बाह्यरुग्ण विभागात येणारे रुग्ण तिकडच्या पुस्तकांत बसत नव्हते. ते तिकडच्या रुग्णांपेक्षा वयाने लहान आणि अंगाने बारीक असत, पण चरबी पोटाभोवती साठलेली. बार्कर आणि त्यांच्या सहकारी डॉ. कॅरोलाइन फॉल यांच्याशी गाठ पडल्यावर या निरीक्षणाला दिशा मिळाली. साठ वर्षं थांबण्याऐवजी मुलांनाच का तपासू नये?

केईएममध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस जन्मलेल्या मुलांची जन्मवजनं नोंदलेली होती. ती मुलं चार वर्षांची असताना त्यांना ग्लुकोज देऊन रक्त तपासलं गेलं. जी हलकी जन्मली होती त्यांच्या रक्तात अर्ध्या तासाने साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त होतं. चार वर्षांच्या मुलांत! मग तीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिन असूनही शरीराने त्याला पुरेशी दाद न देणं, सर्वांत जास्त होता तो हलकी जन्मून आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा निष्कर्ष आपल्या घराघरांतल्या समजुतीला सरळ भिडतो. बारीक बाळ घरी आलं की त्याला लवकर बाळसं यावं म्हणून सगळं घर मागे लागतं. सुदृढ बालक स्पर्धांत बक्षीस गुटगुटीत बाळालाच मिळत आलं आहे. कमी वजनाच्या बाळाला पोषण हवंच, त्याबद्दल वाद नाही. उपासमारीने मरणारी बाळं हे आपल्या राज्याचंही वास्तव आहे. पण वजन वाढतंय ते उंचीने आणि स्नायूंनी, की नुसत्या चरबीने, हा प्रश्न वजनकाटा विचारत नाही. आपणही फारसा विचारत नाही.

आधी मोजायचं, मग वाट पाहायची

केईएमच्या मुलांच्या अभ्यासालाही एक मर्यादा होती. जन्मवजन हातात होतं, जन्माआधीचं काहीच नव्हतं. म्हणून गावांत जायचं ठरलं. केईएमचं ग्रामीण भागातलं काम नवं नव्हतं, डॉ. बानू कोयाजी यांनी वढू परिसरात गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या बळावर ते उभं केलं होतं.

सहा गावांतल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची नोंद झाली. पाळीची तारीख दर महिन्याला घरी जाऊन विचारायची. पाळी चुकली की सोनोग्राफी करून गर्भाचं वय नक्की करायचं. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहार, कामाचा बोजा, वजन-उंची, रक्त, सगळं टिपायचं. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याची मापं घ्यायची: वजन, लांबी, डोक्याचा, पोटाचा आणि दंडाचा घेर, आणि चिमट्यासारख्या उपकरणाने दोन ठिकाणच्या त्वचेच्या घडीची जाडी. एक दंडामागे, दुसरी पाठीवर खांद्याच्या पात्याखाली. वडिलांचीही मापं आणि रक्त घेतलं गेलं, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

हे वाचायला सोपं आहे. ग्रामीण महाराष्ट्रात करायला नाही. परक्या माणसाला पाळीची तारीख सांगायची कुणाला सवय नसते. सासूच्या देखत तर नाहीच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि नाळ पडेपर्यंत बाळाला परक्याचा हात लागू नये, असं मानणारी घरं त्या काळी कमी नव्हती. अशा ठिकाणी तीन दिवसांच्या आत बाळाच्या पाठीची कातडी चिमटीत धरायची परवानगी मिळवायची तर आधी वर्षानुवर्षांची ओळख लागते. शोधनिबंधात हे सगळं ‘क्षेत्रीय कर्मचारी’ या दोन शब्दांत संपतं. माझ्या मते या अभ्यासाचा अर्धा पाया त्या दोन शब्दांत आहे. पुढे ही मुलं दर सहा महिन्यांनी मोजली गेली आणि सहा, बारा आणि अठरा वर्षांची झाल्यावर त्यांच्या सविस्तर तपासण्या झाल्या. एका पिढीचं बालपण असं टप्प्याटप्प्याने नोंदलं जाण्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडच्या खेड्यांत क्वचितच सापडेल.

बारीक, पण चरबी राखून

पहिला मोठा निष्कर्ष २००३ मध्ये आला. या गावांत पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या ६३१ बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या ३३८ गोऱ्या बाळांशी केली गेली. आपल्याकडच्या आया सरासरी २१ वर्षांच्या, ४४.६ किलो वजनाच्या, १.५२ मीटर उंचीच्या. तिकडच्या आया २६.८ वर्षांच्या, ६३.६ किलोच्या. बाळं इथे सरासरी २.७ किलोची, तिथे ३.५ किलोची.

एवढा फरक अपेक्षितच होता. अपेक्षित नव्हतं ते पुढे. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारख्या प्रमाणात नाही. संख्याशास्त्रात सरासरीपासूनचं अंतर प्रमाण-विचलनात मोजतात. तिकडच्या सरासरीपेक्षा पोटाचा घेर २.३८ विचलनांनी कमी होता, म्हणजे सर्वांत जास्त तूट तिथे. पोटात यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड असतात. दंडाचा घेर १.८२ ने कमी, म्हणजे स्नायू तोकडे. डोकं आणि लांबी त्या मानाने बरीच सांभाळलेली. आणि पाठीवरच्या त्वचेखालची चरबी? फक्त ०.५३ ने कमी. पावणेतीन किलोच्या त्या हडकुळ्या दिसणाऱ्या बाळाने अवयव आणि स्नायू यांवर पाणी सोडलं होतं, पण चरबी जवळपास राखली होती.

याज्ञिक यांनी अशा बाळाला ‘बारीक-लठ्ठ’ म्हटलं. पुण्यातली आणि लंडनमधली बाळं घेऊन नाळेतल्या रक्ताची तुलना केली गेली, तेव्हा त्यातही हेच दिसलं. वजन कितीतरी कमी असूनही चरबीची पातळी सांगणारं लेप्टिन गोऱ्या बाळांइतकंच होतं आणि इन्सुलिन त्यांच्यापेक्षा जास्त. ज्या शरीरबांधणीला आपण मध्यमवयातल्या मधुमेहाची खूण समजतो, ती जन्माच्या दिवशीच हजर होती.

मोठ्या माणसात हीच गोष्ट कशी दिसते, हे याज्ञिक यांनी स्वतःच्या शरीरावरच दाखवलं. लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन आणि ते, दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. आरोग्य शिबिरात बीएमआय काढून ‘नॉर्मल’ असा शिक्का मिळालेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

आया काय खात होत्या

दोन जिवांची बाई, तिला दुप्पट खायला घाला, हा आपल्याकडचा सल्ला. या गावांतल्या बायकांना दुप्पट सोडा, पुरेसंही मिळत नव्हतं. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी आहाराच्या नोंदींचं विश्लेषण केलं. अठराव्या आठवड्यात ऊर्जा दिवसाला साधारण १,८०० कॅलरींच्या आत आणि प्रथिनं ४५ ग्रॅमच्या आसपास. त्यात शेतातलं काम आणि पाणी भरणं चालूच. ज्या बायका गरोदरपणात जास्त राबत होत्या त्यांची बाळं लहान निपजली, हेही याच अभ्यासात दिसलं.

मग ज्यांनी जास्त कॅलरी खाल्ल्या त्यांची बाळं मोठी होती का? नाही. कॅलरी आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो अठराव्या आठवड्यातल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या हिरव्या पालेभाज्यांशी आणि फळांशी. मेथी, शेपू, चाकवत, राजगिरा, शेताच्या बांधावरची घोळ यांना पोषणतज्ज्ञांच्या यादीत नेहमी मान मिळतो, ताटात क्वचितच. पालेभाजी वारंवार खाणाऱ्या आईचं बाळ मोठं, हा निष्कर्ष इतर घटक जमेस धरूनही टिकला. पोट भरणं आणि पोषण होणं यांतलं अंतर दाखवायला यापेक्षा ठळक पुरावा मला माहीत नाही.

दूध आणि पालेभाज्या यांत असं काय आहे, याचा माग काढताना संशोधक दोन जीवनसत्त्वांपाशी पोचले: बी-१२ आणि फोलेट. पेशी विभागताना नवा डीएनए बनवायला आणि जनुकांवर रासायनिक खुणा करायला दोन्ही लागतात, तीही जोडीने. फोलेट पालेभाज्यांत मिळतं. बी-१२ वनस्पतींत नसतं. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून येतं. शाकाहारी घरात दुधाचाच आधार, आणि मांसाहार करणाऱ्या घरांतही मटण जत्रेला आणि पाहुणा आला की. गावातलं दूध तर पहाटेच डेअरीत जातं.

साठवलेल्या रक्तात दोन-तृतीयांश आयांचं बी-१२ कमी निघालं. फोलेट कमी असलेली आई फक्त एक. कारण ताटाबरोबर सरकारी गोळीही होती. गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीत १०० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप, असायचं.

मुलं सहा वर्षांची झाली. हाडं, स्नायू आणि चरबी वेगवेगळी मोजणाऱ्या यंत्राखाली त्यांना झोपवलं, रक्त तपासलं. ज्यांच्या आयांचं फोलेट जास्त होतं त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि इन्सुलिनचा प्रतिरोधही जास्त. सर्वांत जास्त प्रतिरोध होता तो ज्यांच्या आयांत फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांत. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा पोषणाच्या वर्तुळात खळबळ उडाली, आणि ते साहजिक होतं. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टळतात, हे निर्विवाद सिद्ध झालेलं आहे. म्हणून हे वाचून कुणीही गरोदरपणात गोळी थांबवू नये. याज्ञिक यांच्या गटाने बोट ठेवलं ते असमतोलावर. जोडीने काम करणाऱ्या दोन जीवनसत्त्वांपैकी एकच ओतत राहिलो, तर दुसऱ्याची तूट झाकली जाते आणि तिचे परिणाम पुढच्या पिढीच्या शरीरात उमटू शकतात.

शंका घ्यायलाच हव्यात

अशा अभ्यासातून दोन गोष्टी एकत्र दिसतात, एकीमुळे दुसरी घडली हे सिद्ध होत नाही. जिच्या ताटात दूध आहे, तिच्या घरी म्हैस आहे, कदाचित जमीन बागायती आहे, कदाचित सासरचे तिला विश्रांती देतात. आकडेमोडीत हे घटक बाजूला काढतात, पण सगळे निघतात असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

यातून मार्ग काढायचे प्रयत्न झाले. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं. काही आयांमध्ये जन्मजात जनुकीय फरकामुळेच होमोसिस्टीन जास्त असतं. तो फरक घरच्या म्हशीवर किंवा जमिनीवर अवलंबून नसतो. पुण्याच्या आणि म्हैसूरमधल्या अशाच एका अभ्यासाच्या माहितीवरून तपासलं तेव्हा अशा आयांची बाळंही हलकी निघाली. त्यामुळे कार्यकारणाची बाजू भक्कम झाली, निदान जन्मवजनापुरती तरी.

म्हैसूरच्या मुलांत मात्र पुण्यातलं सगळं चित्र जसंच्या तसं दिसलं नाही. तिथेही आईचं फोलेट जास्त असेल तर मुलांत इन्सुलिनचा प्रतिरोध जास्त होता, पण आईच्या बी-१२ चा मुलांच्या प्रतिरोधाशी संबंध आढळला नाही. दोन चांगल्या अभ्यासांत असा फरक पडतो तेव्हा एकाला खोटं ठरवायची घाई करू नये. म्हैसूरच्या आया शहरातल्या, अंगाने भरलेल्या, त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह जास्त. सहा गावांतल्या आयांची परिस्थिती निराळी होती.

मुंबईतला प्रयोग आणखी वेगळ्या वाटेने गेला. डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी झोपडवस्तीतल्या साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना, दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला. काहींच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध, इतरांच्या खाऊत कांदा-बटाट्यासारखे पदार्थ. कुणाला कोणता हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यदृच्छेने ठरवलेलं. सगळ्यांचा हिशेब केला तर जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने हा खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांत सरासरी ४८ ग्रॅमचा फरक पडला. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आलं. बाळाच्या वजनावर डोळा ठेवून सुरू केलेल्या प्रयोगात आईच्या साखरेवर परिणाम दिसावा, हे मला फार बोलकं वाटतं, कारण आईची साखर हा बाळाच्या पुढच्या साखरेचा धागा आहे.

तो धागा सहा गावांतही सापडला. अठराव्या वर्षी ज्यांची साखर बिघडलेली होती त्यांची मागची पानं उलटली, तेव्हा कळलं की त्यांची उपाशीपोटीची साखर लहानपणापासूनच इतरांपेक्षा थोडी वर होती. जन्मताना त्यांची लांबी कमी होती. गरोदरपणात त्यांच्या आयांची साखर इतर आयांपेक्षा जास्त होती, जरी ती मधुमेहाच्या व्याख्येत बसत नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, वयाबरोबर सगळ्याच मुलांत इन्सुलिनचा प्रभाव कमी होत गेला; निरोगी राहिलेल्यांच्या स्वादुपिंडाने जादा इन्सुलिन सोडून ते भरून काढलं, या मुलांच्या स्वादुपिंडाला ते लहानपणापासूनच तितकं जमत नव्हतं. मधुमेहाचा हा सगळा प्रवास निदानाच्या कितीतरी आधी, मोजता येईल अशा पावलांनी चालू होता.

मधुमेहात पोट सुटणं आणि बसून राहणं यांचा हात आहेच. चालणं, खाण्यावर लक्ष ठेवणं यांचं महत्त्व या अभ्यासामुळे रतीभरही कमी होत नाही. पण देशात मधुमेहाचे १०.१ कोटी आणि प्रीडायबेटिसचे १३.६ कोटी लोक असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत दिसलं. एवढ्या मोठ्या आकड्याचा सगळा दोष लोकांच्या आळसावर ढकलणं अन्यायाचं आहे.

आणि तो दोष आयांवर ढकलणं त्याहून अन्यायाचं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण या संशोधनाची बातमी अनेकदा ‘आईच्या आहारामुळे मुलांना मधुमेह’ अशा मथळ्याखाली येते. एकविसाव्या वर्षी ४४ किलोची असलेली ती आई स्वतः कुणाच्या तरी पोटी तशीच वाढली होती. शेवटी जेवायला बसणं, उरेल ते खाणं, सातव्या महिन्यापर्यंत हंडे उचलणं, यातलं तिने निवडलेलं काही नव्हतं. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांवरचा एक अभ्यास याज्ञिक आणि आनंदवर्धन हर्डीकर यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. या उंदरांत इन्सुलिनचा प्रतिरोध होता, बी-१२ कमी होतं, आणि त्यांना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घातलं तरी तो दोष गेला नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तरी पिढ्यान्‌पिढ्यांची कमतरता एका गरोदरपणातल्या नऊ महिन्यांत भरून निघेल, अशी अपेक्षा ठेवणं किती भाबडं आहे, हे त्यावरून कळतं.

म्हणून मुलींपासून, आणि मुलांपासूनही

याच विचारातून २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली. सहा गावांतली तीच मुलं-मुली तेव्हा किशोरवयात होती. त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला दिवसाला २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं आणि दूधपावडर, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. लोह आणि फॉलिक ॲसिड सगळ्यांनाच. मुलग्यांनाही घेतलं, कारण बाप होणाऱ्याचं शरीरही यात धरायला हवं, ही या गटाची सुरुवातीपासूनची भूमिका. वर्षभराच्या आतच गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ वाढलं आणि होमोसिस्टीन उतरलं. २ मायक्रोग्रॅम म्हणजे मोठं औषध नाही, शरीराच्या साधारण रोजच्या गरजेइतकी ही मात्रा. खरा प्रश्न त्यांच्या मुलांचा आहे. त्यांच्यापैकी अनेकांना आता मुलं झाली आहेत आणि त्या बाळांचीही मापं घेतली गेली आहेत.

त्यांच्या साखरेचं काय होतं, हे कळायला आणखी बरीच वर्षं जातील. धोरणाने तोवर हातावर हात ठेवून बसावं, असं मला वाटत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी दिली जाते. तिच्यात लोह आहे, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे. बी-१२ नाही. ज्या प्रदेशातल्या दोन-तृतीयांश आयांमध्ये नेमकी त्याचीच तूट सापडली, तिथल्या मुलींच्या गोळीत ते का नसावं, हा प्रश्न आरोग्य खात्याला विचारायला हवा. आशाताईंना आणि शाळेतल्या शिक्षकांना वाटण्यासाठी गोळी तीच राहील, फक्त तिच्यात एक घटक वाढेल. आणि गोळी बदलायला वेळ लागणार असेल, तर ज्या घरचं सगळं दूध पहाटे डेअरीत जातं, त्या घरातल्या सुनेसाठी आणि मुलीसाठी एक पेला मागे ठेवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.